आजाऱ्याला काय सांगावे आणि कसे सांगावे

महोत्सवाच्या स्मरणिकेत मरणाच्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. स्मरणिका म्हटली की ट्रस्टची वाटचाल, देणगीदारांची नामावली, गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे आणि शेवटी जाहिराती, हा आपला परिपाठ. संपादक मंडळाने "आरोग्यावर काहीतरी लिहा" असे सुचविले, तेव्हा मधुमेहावर चार पाने लिहून देणे आम्हांला सोपे होते. परंतु मधुमेहावर सांगणारे पुष्कळ आहेत. प्रत्येक घरावर जी वेळ येते आणि जिच्याविषयी कोणत्याच घरात मोकळेपणाने बोलले जात नाही, तिच्याविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. बरा होण्याची आशा उरलेली नाही अशा माणसाशी बोलावे कसे, हा तो विषय होय.

आपल्या ट्रस्टतर्फे आजाऱ्यांना औषधपाण्यासाठी मदत दिली जाते. ती घेऊन जाणाऱ्या सभासदांना एक अनुभव हटकून येतो. उंबऱ्याशीच घरातील कोणीतरी हळू आवाजात सांगते, "त्यांच्यासमोर काही बोलू नका हं, त्यांना ठाऊक नाही." आत खाटेवरचा माणूस विचारतो, "काय, पाऊस काय म्हणतो?" मग पावसावर बोलणे होते, चहा होतो आणि पाहुणे उठतात. ज्यासाठी जावे ते बोलणे राहूनच जाते. आपण हे का करतो ते उघड आहे. त्यात प्रेमच असते. पण ज्या डॉक्टरांचा, परिचारिकांचा आणि रुग्णालयांतील समाजसेवकांचा हा रोजचा व्यवसाय आहे, ते असे करीत नाहीत. त्यांनी या बोलण्याची एक रीत बसविली आहे आणि ती शिकवून येते.

त्यांच्या शाखेला 'पॅलिएटिव्ह केअर' असे म्हणतात. मराठीत उपशामक सेवा म्हणता येईल. रोग हटविता येत नसेल तेव्हा रोग्याचा त्रास हटविणे, असा तिचा सरळ अर्थ. लंडनला सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स नावाची संस्था काढली, तेथून ही शाखा आधुनिक रूपात सुरू झाली असे मानतात. बाई आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर शिकून डॉक्टर झाल्या. तिन्ही बाजूंनी त्यांनी आजारी माणूस पाहिला होता. आपल्या देशात हे काम प्रथम मुंबईस उभे राहिले. टाटा स्मारक रुग्णालय परळला १९४१ पासून आहे. तेथील शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला माउंट मेरीच्या रस्त्यावर 'शांती आवेदना सदन' स्थापन केले. जेथे शस्त्रक्रिया आणि किरण यांचा उपयोग संपला अशा कर्करोग्यांसाठी काढलेली ही भारतातील पहिली संस्था. पुण्यास वारजे येथे सिप्लाचे केंद्र १९९७ मध्ये झाले. केरळात कोझिकोडे येथे डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ मध्ये सुरुवात केली आणि पुढे गावोगावच्या सामान्य माणसांना, म्हणजे शिक्षकांना, दुकानदारांना, गृहिणींना शिकवून घरोघरी पाठविले. आपल्यासारख्या ट्रस्टने लक्ष द्यावे ते या केरळच्या कामाकडे. असो.

सुरतेहून मुंबई अडीचशे किलोमीटरांहून थोडी जास्त. इच्छापोर, हजिरा, उधना, लिंबायत या भागांतील आपली किती कुटुंबे रात्रीच्या गाडीने परळला जाऊन आली असतील, हे ट्रस्टच्या मदतीच्या वह्या चाळल्या तरी कळेल. तेथे औषधोपचार काय झाले ते घरी परतल्यावर सर्व जण सांगतात. तेथे बोलणे काय झाले ते कोणी सांगत नाही. आम्ही या लेखासाठी वाचन केले, या क्षेत्रातील काही मंडळींना विचारले, आणि जे समजले ते येथे मांडीत आहोत.

पहिली गोष्ट समजली ती अशी की, जाणकार डॉक्टर सांगण्याने सुरुवात करीत नाहीत, ते विचारण्याने करतात. हे वाचून आम्हांस आमच्या बी.एड.च्या पाठटाचणाची आठवण झाली. नवा पाठ घेण्यापूर्वी मुलांचे पूर्वज्ञान तपासावे, हा धडा प्रत्येक प्रशिक्षित शिक्षकाने गिरविलेला असतो. मुलाला काय येते हे न पाहता फळ्यावर लिहीत सुटणारा शिक्षक आणि रोग्याला काय ठाऊक आहे हे न विचारता अहवाल वाचून दाखविणारा डॉक्टर हे एकाच माळेचे मणी.

अशा बोलण्याचा एक नमुना आम्ही येथे कल्पून देतो. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून खाटेजवळ बसतात. उभ्या राहत नाहीत. उभा माणूस निघण्याच्या घाईत दिसतो. फोन बंद करतात, पडदा ओढतात, आणि "तुमच्याबरोबर कोणी असावं असं वाटतं का?" असे विचारून घेतात. मग म्हणतात, "नाना, तुमच्या आजाराबद्दल आतापर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?"

"गाठ आहे म्हणाले. काढली. पण परत आली असणार."

"असणार असं का वाटतं तुम्हाला?"

"वजन उतरतंय. आणि पोरगा डोळ्याला डोळा देत नाही."

वाचकांनी या उत्तराकडे जरा थांबून पाहावे. ज्याला काही ठाऊक नाही असे घरच्यांनी दाराशी सांगितले, त्याने निम्मे निदान स्वतःच सांगून टाकले. पुढे बाई विचारतात, "तपासणीत जे आलं ते तुम्हाला सगळं सांगू, की थोडक्यात सांगू, की मुलाशी बोलू?" हा प्रश्न फार महत्त्वाचा. काही जण म्हणतात, सगळे सांगा. काही जण म्हणतात, "माझं मन कच्चं आहे, थोरल्याला सांगा, तो करील ते खरं." हेही उत्तरच आहे, आणि ते मानले जाते. जाणून घेणे हा रोग्याचा हक्क खरा, पण तो त्याच्यावर लादायचा नसतो.

सांगायचे ठरले म्हणजे बातमी एकदम अंगावर टाकीत नाहीत. आधी एक वाक्य सावध करणारे असते: "नाना, रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही." मग थांबतात. मग साध्या शब्दांत, दोन-तीन वाक्यांत, रोग पसरला आहे आणि औषधाने तो जाणार नाही हे सांगतात, आणि पुन्हा थांबतात. हे थांबणे शिकायला सर्वांत कठीण जाते असे या क्षेत्रातील लोक म्हणतात. समोरचा माणूस रडतो, रागावतो किंवा भिंतीकडे पाहत राहतो. अशा वेळी आपली जीभ आपोआप चालू लागते: "काही काळजी करू नका, सगळं ठीक होईल." शिकलेला माणूस तेवढे टाळतो. तो म्हणतो, "हे ऐकणं फार जड आहे," आणि हात हातात घेऊन बसतो. रडणे ओसरल्याखेरीज पुढची माहिती डोक्यात शिरत नाही; ती देणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

या सर्व पायऱ्या अमेरिकेतील वॉल्टर बेल आणि कॅनडातील रॉबर्ट बकमन या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह २००० साली एका लेखात क्रमाने मांडल्या, आणि अनेक देशांत आता त्याच शिकवितात. एकूण सहा आहेत. आम्ही त्या मोजून दाखवीत नाही, कारण वर दिलेल्या बोलण्यात पाच आल्याच आहेत. सहावी म्हणजे पुढे काय करायचे ते ठरवून उठणे. "आता करण्यासारखं काही नाही" हे वाक्य या लोकांच्या शब्दकोशात नाही. दुखणे कमी करता येते, श्वासाची धाप कमी करता येते, झोप आणता येते, घरी कसे ठेवावे ते मुलीला शिकविता येते. रोगावर उपाय संपले तरी माणसावर करण्याजोगे पुष्कळ उरते, आणि ते कोण, कधी, कसे करणार हे सांगूनच डॉक्टर खुर्चीवरून उठतात. आपल्या देशात २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात रोग्याशी बोलण्याचे रीतसर शिक्षण आले आहे. ते आधीच यायला हवे होते असे आमचे मत आहे.

आता सुरतेची म्हणून एक खास अडचण सांगितली पाहिजे. येथील डॉक्टर गुजराती बोलतात. आपल्या घरांतील म्हातारी माणसे मराठी बोलतात, खानदेशाकडून आलेली अहिराणी बोलतात. मध्ये दुभाष्या कोण? मुलगा किंवा सून. आम्ही मराठी शाळेचे मास्तर म्हणून कधी कधी शेजाऱ्यांसोबत जातो, तेव्हा पाहिलेली गोष्ट आहे. डॉक्टरांनी गुजरातीत स्पष्ट सांगितले, "आ मटशे नहीं." मुलाने वडिलांना मराठीत सांगितले, "बरं व्हायला वेळ लागेल म्हणतात." डॉक्टर समजले, आपण सांगितले. वडील समजले, वेळ लागेल. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक, आणि मुलाला तरी दोष कसा द्यावा? बापाला मरणाची बातमी स्वतःच्या तोंडाने देण्याचे काम कोणत्याही लेकराच्या वाट्याला येऊ नये. म्हणूनच या शाखेतील लोक अशा बोलण्यासाठी नातलगांना दुभाषी करीत नाहीत. दोन्ही भाषा जाणणारी परिचारिका, समाजसेवक किंवा बाहेरचा विश्वासू माणूस बोलावतात, आणि त्याला आधीच सांगतात की बोललेले सर्व सांगायचे, पदरचे घालायचे नाही, पोटात ठेवायचे नाही. सुरतेत नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा मराठीतून, उर्दूतून, हिंदीतून चालतात. आमच्यासारखे दोन-तीन भाषा जाणणारे शिक्षक शहरात शेकड्यांनी असतील. ट्रस्टने मनावर घेतले तर पाच-सहा जणांची यादी करणे अवघड नाही.

उंबऱ्यावरच्या त्या विनंतीला जाणकार काय उत्तर देतात? "त्यांना सांगू नका" असे घरच्यांनी म्हटले की अननुभवी डॉक्टर दोहोंपैकी एक करतो. एक तर मान डोलावतो, नाही तर "रोग्याचा हक्क आहे" असे सुनावतो. अनुभवी माणूस दोन्ही करीत नाही. तो घरच्यांना बसवून विचारतो, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?" उत्तर बहुधा ठरलेले असते: हाय खातील, जेवण सोडतील, जिवाचे बरेवाईट करतील. तो हे नाकारीत नाही. तुम्ही त्यांना आमच्याहून जास्त ओळखता, असे म्हणतो. मग विचारतो, हे गुपित सांभाळताना तुमचे स्वतःचे काय होते? येथे बहुधा घरचा माणूसच रडू लागतो. शेवटी तो एवढीच परवानगी मागतो: "मी आपण होऊन काही सांगणार नाही. त्यांना काय ठाऊक आहे तेवढं विचारतो. मात्र त्यांनीच मला सरळ विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही." या अटीवर बहुतेक घरे तयार होतात, असे ही मंडळी सांगतात.

आणि पुष्कळदा पडदा दोन्ही बाजूंनी ओढलेला असतो. नवऱ्याला कळू नये म्हणून बायको स्वयंपाकघरात रडते, आणि बायकोला कळू नये म्हणून नवरा बरा असल्याचे सोंग करतो. आमच्या ओळखीच्या एका घरात असे चार महिने चालले. दोघांचा संसार एकतीस वर्षांचा, आणि शेवटचे चार महिने दोघांनीही एकेकट्याने काढले. ते गृहस्थ गेल्यावर कळले की गावच्या शेताच्या साताबाऱ्यावर भावाचे नाव तसेच राहिले होते, दोन माणसांचे उसने देणे होते आणि धुळ्याला दिलेल्या मुलीशी चार वर्षांचा अबोला होता. शेताचे पुढे कोर्टात निभले. अबोल्याचे आता कोणत्याच कोर्टात निभणार नाही. त्या मुलीचे सांत्वन करायला जाणाऱ्यांत आम्हीही होतो, ती एकच विचारीत होती, "मला कोणी बोलावलं का नाही?"

"किती दिवस?" हा प्रश्न प्रत्येक डॉक्टरला कधी ना कधी येतो. याचे बिनचूक उत्तर कोणाकडेच नसते, आणि आहे असे दाखविणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. शिकागो येथे क्रिस्टाकिस आणि लॅमाँट यांनी मरणासन्न रोग्यांच्या डॉक्टरांना अंदाज विचारून मग प्रत्यक्ष काय घडले ते पाहिले. २००० साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षाप्रमाणे ४६८ रोग्यांपैकी सुमारे पाचांत एकाच्याच बाबतीत अंदाज बरोबर ठरला. चुका बहुतेक एकाच दिशेच्या होत्या; सरासरीने पाहता डॉक्टरांनी प्रत्यक्षाच्या पाचपट आयुष्य सांगितले होते. डॉक्टरही माणूसच, त्यालाही आपला रोगी जगावा असे वाटते. म्हणून जाणकार आकडा सांगत नाहीत. "वर्षांची नाही, महिन्यांची गोष्ट दिसते," किंवा "महिन्यांची नाही, आठवड्यांची," असे सांगतात, आणि लगेच विचारतात, "काही मनात आहे का, म्हणून विचारता?" मग मूळ गोष्ट बाहेर येते. मुलीचे लग्न मे महिन्यात आहे, ते आधी घ्यावे काय? ईद घरी होईल काय? गावी जाऊन एकदा घर पाहता येईल काय? माणसाला आकडा क्वचितच हवा असतो. त्याला त्याचे काम उरकायचे असते.

कित्येकांना भीती वाटते की, असे बोलणे झाले की माणूस खचून लवकर जातो. या भीतीची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रोग्यांचे दोन गट केले. एका गटास नेहमीचे उपचार, दुसऱ्यास त्यांच्या जोडीला सुरुवातीपासूनच उपशामक सेवा. तिच्यात हे सारे बोलणेही आले. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुसऱ्या गटातील माणसे अधिक समाधानात राहिली, त्यांच्यात उदासी कमी आढळली, शेवटच्या काळात निष्फळ औषधांचा मारा त्यांच्यावर कमी झाला, आणि त्यांचे आयुष्यही जास्त निघाले: मध्यम मान ११.६ महिने, दुसरीकडे ८.९. एका अभ्यासावरून बोलण्याने आयुष्य वाढते असा दावा आम्ही करणार नाही. पण बोलल्याने ते तुटते म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत.

बोलण्यात दुखण्याचा विषय येतोच, आणि तेथे मॉर्फिन हा शब्द निघाला की घरे दचकतात. व्यसन लागेल, हे शेवटचे औषध, दिले की संपले, असे समज आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कर्करोगाच्या तीव्र दुखण्यावर तोंडाने घेण्याचे मॉर्फिन वेळेवर द्यावे असे सांगितले. जाणत्या हाताने, मोजून दिलेल्या औषधाने दुखणाऱ्या माणसाला व्यसन लागणे फार क्वचित घडते, आणि ते घेऊन माणसे हिंडती-फिरती राहतात. गंमत अशी की आपल्याच देशात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत, परदेशी मालही जातो. आणि आपलाच रोगी तळमळतो. अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की औषधवाले मॉर्फिन ठेवायलाच धजेनात. २०१४ मध्ये तो कायदा या बाबतीत सैल केला गेला. तरीही औषध सर्वत्र मिळत नाही, म्हणून रुग्णालयातून घरी सोडताना "दुखलं तर काय द्यायचं, आणि ते कुठं मिळेल?" हा प्रश्न घरच्यांनीच विचारून घ्यावा.

आता कायद्याचा भाग. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांची कहाणी बहुतेकांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर तेथील एका कर्मचाऱ्याने हल्ला केला आणि मेंदूला इजा होऊन त्या अंथरुणाला खिळल्या. मे २०१५ मध्ये त्या वारल्या, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ के.ई.एम.च्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. त्या शुश्रूषेला तोड नाही. २०११ साली त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायालयाने त्यांचे अन्न थांबविण्याची विनंती फेटाळली. परंतु सर्व बाजूंनी एवढा वाद झाला त्यात अरुणाबाईंची स्वतःची इच्छा कोणालाच सांगता येत नव्हती. ऐन पंचविशीत ते विचारून ठेवण्याचे कारणच पडले नव्हते.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, बरे होण्याची आशा नसता केवळ यंत्रांनी आयुष्य लांबवू नये, असे कोणीही सज्ञान आणि शुद्धीवरचा माणूस आधी लिहून ठेवू शकतो. त्या वेळी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यावा त्यांची नावे त्यात घालायची असतात, आणि मन बदलले तर ते कधीही रद्द करता येते. प्रत्यक्षात यंत्र थांबविण्यापूर्वी डॉक्टरांची दोन मंडळे विचार करतात. त्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती असलेले महेश सोनक यांनी २०२४ साली गोव्यात असे पत्र केले, ते गोव्यातील पहिले. सुई टोचून कोणाचा जीव घेण्यास या कायद्याने मुळीच मुभा दिलेली नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, म्हणून मुद्दाम लिहिले. कोणी असे पत्र करावे की करू नये हे आम्ही सांगणार नाही. ज्याने त्याने आपल्या धर्माच्या जाणत्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवावे.

धर्माचा उल्लेख आला तर आमच्या घरची गोष्ट सांगतो. आम्हां मुसलमानांत मरणाविषयी बोलणे अशुभ मानण्याचे वास्तविक कारण नाही. वसियत लिहून ठेवावी, देणे फेडावे किंवा कोणाचे किती ते सांगून जावे, दुखावलेल्या माणसाची माफी मागावी, अशीच शिकवण आहे. वारसांखेरीज इतरांना किंवा धर्मादाय कामाला द्यायचे तर मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच देता येते, ही मर्यादाही घालून दिलेली आहे. हे सारे माणूस शुद्धीवर असतानाच व्हावयाचे. ज्याला तू मरणार आहेस हे सांगितलेच नाही, त्याने माफी कधी मागावी? हिंदू शेजाऱ्यांकडेही भेटीगाठी, दानधर्म, कोणाचे मन राहिले असेल ते पुरविणे हे सर्व आहेच. म्हणजे रीत दोन्हीकडे होती. घरातून माणसे इस्पितळात जाऊन मरू लागली, तेव्हापासून ती मागे पडली असे आम्हांस वाटते. या शाखेतील लोक मात्र आजाऱ्याला आवर्जून विचारतात, "नमाज, पूजा, काही राहिलंय का? कोणाला बोलवायचं आहे का?"

घरातील मुलांविषयी शिक्षक म्हणून चार शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. आजोबा आजारी असले की मुलाला शेजारी धाडतात, आणि गेले की "गावाला गेले" किंवा "झोपले" म्हणतात. पहिले ऐकलेले मूल वाट पाहते. दुसरे ऐकलेले मूल रात्री झोपायला भिते. वर्गात अशी मुले आम्ही पाहिली आहेत. गणित एकाएकी बिघडते, डबा तसाच परत जातो, आणि घरी विचारले तर "त्याला काही माहीत नाही" असे उत्तर मिळते. मूल सर्व पाहत असते. जाणकार सांगतात की मुलाला खऱ्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे: आजोबा फार आजारी आहेत, डॉक्टर त्यांचा त्रास कमी करतात, पण ते बरे होणार नाहीत. तुझ्या वागण्याने ते आजारी पडले नाहीत, हेही सांगावे, कारण लहान मुले असा समज करून घेतात. आणि मुलाची इच्छा असेल तर त्याला भेटू द्यावे, पाणी पाजू द्यावे.

भेटीस जाणाऱ्या आपल्या सभासदांनी डॉक्टर व्हायचे नाही. निदान सांगणे हे आपले काम नव्हे, आणि "माझ्या साडूला अमक्याच्या काढ्याने गुण आला" हे तर मुळीच नव्हे. घरच्यांनी दाराशी विनंती केली तर ती मोडू नये. पण आत गेल्यावर पावसाऐवजी एक साधा प्रश्न विचारता येतो: "दादा, अलीकडे मनात काय येतं?" उत्तर आले तर ऐकावे. उत्तर आले नाही तर पावसावर बोलावे, त्यालाही हरकत नाही. आजाऱ्याने स्वतःच "मी यातून उठत नाही" असे म्हटले, तर "असं बोलू नका" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये. "असं का वाटतं?" एवढे विचारून बसून राहावे.

ट्रस्टच्या वैद्यकीय मदतीच्या छापील अर्जात सध्या रोग्याचे नाव, रोग, रुग्णालय, खर्चाचा अंदाज आणि शिफारस करणाऱ्याची सही एवढ्या ओळी आहेत. पुढच्या छपाईच्या वेळी तीन ओळी वाढवाव्यात अशी आमची विश्वस्त मंडळास विनंती आहे: रोग्याची बोलण्याची भाषा कोणती, दुभाष्या हवा काय, आणि रोग्याशी कोणी स्वतः बोलले आहे काय. अर्ज अजून एकाच पानावर मावेल, आम्ही मोजून पाहिले आहे.